सापळ्यांची वाट, भाव पडला ते वर्ष

८ सप्टेंबर

ही वही दवाखान्यातल्या नर्सने दिली, रोजचा रक्तदाब लिहायला. आज तो चांगला आहे. उद्याही चांगलाच असणार. तेव्हा वहीत काहीतरी कामाचं लिहावं असं मी ठरवलंय.

फर घेणारा व्यापारी आज विमानाने येऊन गेला. दरवर्षी तो गावच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतो, कॉफी पाजतो आणि हंगामाचा अंदाज सांगतो. या वेळी कॉफी नव्हती आणि टेबलही नव्हतं, उभ्याउभ्याच बोलला. मार्टेनच्या, म्हणजे मुंगसासारख्या त्या जनावराच्या, कातड्याला पूर्वीच्या निम्मेही मिळणार नाहीत. लिंक्सला कुणी विचारत नाही. मस्करॅट तर सोलायचे कष्टसुद्धा घेऊ नका, म्हणाला. तिकडे दूर देशात लोक आता फरचे कोट घालत नाहीत म्हणे. त्याचं बोलणं संपायच्या आत निम्मा हॉल रिकामा झाला. "सापळे राहू देत खिळ्याला," असं जो तो म्हणत होता.

मी शेवटपर्यंत बसलो, कारण मला जायचंच आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या खुब्यात धातूचा सांधा बसवला, त्यामुळे माझी वाट, म्हणजे जंगलातला माझ्या सापळ्यांचा पट्टा, हंगामभर रिकामी राहिली. लागोपाठ दोन हिवाळे रिकामी राहिली तर वनखातं ती काढून दुसऱ्याला देतं. आणि दुसरा टपलेलाच आहे. दक्षिणेकडचा एक हॉटेलवाला आहे, त्याला माझ्या तळ्याकाठी मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बंगले बांधायचेत. सासऱ्यांना, म्हणजे बायको एल्मायराच्या वडिलांना, सायमनना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी ती वाट माझ्या नावावर करून दिली होती. तेव्हापासून तिच्यावर सापळे लावतोय तो मी, जेरेमाया. ती हॉटेलवाल्याच्या घशात घालणार नाही. भाव पडले तर पडू देत.

१० सप्टेंबर

योजना तयार आहे. भाव निम्मा, तर सापळे दुप्पट. इतकी सोपी गोष्ट हॉलमधल्या एकाच्याही डोक्यात आली नाही.

एल्मायराला सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "सापळे दुप्पट म्हणजे पेट्रोल दुप्पट. आणि तुझे पाय किती आहेत, चार?"

"धातूचा सांधा आहे. झिजत नाही तो."

"बाकीचा म्हातारा झिजतो त्याचं काय?" मग सुरी धुता धुता म्हणाली, "मार्टेन मरू दे. यंदा बीव्हर धर. खाणीच्या रस्त्याखालचे नळे बीव्हर काटक्यांचे बांध घालून बुजवतात, रस्तेवाले ते काढणाऱ्याला पैसे देतात. मटण गावातल्या म्हाताऱ्यांना हवंय. आणि त्यांच्या अंगातल्या कस्तुरीच्या गाठी अत्तरवाले अजून घेतात, त्यांना कोटांशी काय देणंघेणं?"

मी म्हटलं, बायकांना वाटतं तितकं सोपं नसतं ते.

१३ सप्टेंबर

आज सकाळी होडीला डांबर लावताना मला एकदम सुचलं. यंदा मार्टेनच्या मागे लागायचंच नाही. बीव्हर धरायचे! रस्त्याखालच्या नळ्यांचे पैसे वेगळे, मटण वेगळं, गाठी वेगळ्या. कातडं विकलं नाही तरी चालेल. उलट कातडी विकायचीच कशाला? एल्मायरा हातमोजे शिवते, खाणीतले लोक ते शिवलेले हातमोजे चांगल्या भावाने घेतात. कच्चं विकून व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं.

एल्मायराला सांगितलं. ती म्हणाली, "वा. कुठून सुचतं तुला?"

डोकं शांत ठेवलं की सुचतं, असं मी सांगितलं.

१९ सप्टेंबर

आता सोबत्याचा प्रश्न. वाटेत दोन धबधबे आहेत, तिथे होडी पाण्याबाहेर काढून जमिनीवरून ओढून न्यावी लागते. या खुब्याने ते एकट्याला जमणार नाही, हे मला मान्य आहे. इतकं मी कबूल करतो.

सोबती ठरलेला आहे. माझा मावसभाऊ झेकियस. तो खाणीत दोन आठवडे काम करतो आणि दोन आठवडे घरी असतो, पण मनाने अजून जंगलातलाच आहे. काल त्याला जेवायला बोलावलं. आमच्यात माणसाला तोंडावर "चल" म्हणत नाहीत. म्हटलं की त्याच्यावर "नाही" म्हणायची पाळी येऊ शकते, आणि कुणावर तशी पाळी आणणं हा उद्धटपणा झाला. म्हणून आपण नुसतं सांगायचं आणि गप्प बसायचं. ज्याला यायचं तो येतो.

जेवण झालं, एल्मायरा ताटल्या उचलत होती, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "पाणी गोठायच्या आधी होडीने वर तळ्यावर जाईन म्हणतो. तिथल्या लाकडी कोठीत दुसरा पलंग रिकामाच आहे."

झेकियस उठून जाकीट घालू लागला. मग म्हणाला, "बघू. यंदा पाणी उतरलंय."

पाण्याचा विचार करतोय, म्हणजे त्याचं मन तळ्यावर गेलं. झालं काम.

२४ सप्टेंबर

झेकियसने माझी करवत आणून दिली. दोन वर्षं त्याच्याकडे होती. साखळीला तेल लावून, पुसून, अगदी नीट. "तुला लागेल तिकडे," म्हणाला. मनापासून तयारीला लागलाय.

एल्मायराने करवत बघितली आणि म्हणाली, "उसनं परत केलं वाटतं त्याने."

ती सापळे उकळत होती. मोठ्या डब्यात स्प्रूस झाडाच्या साली टाकून सापळे त्यात बुडवायचे, म्हणजे गंज जातो आणि माणसाचा वासही. हे काम मी पुढच्या आठवड्यात करणार होतो. म्हटलं, "तू कशाला?" तर म्हणाली, "धूर आवडतो मला."

३० सप्टेंबर

आज दोन गोष्टी पाहिल्या. एक, शेडमधली बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणं, दोन्ही जोड्या, कुणीतरी नव्याने विणून ठेवल्यात. मूस हरणाच्या कातड्याची बारीक पट्टी, घट्ट आणि सारखी वीण. झेकियसच्या हातात असली कला असेल असं वाटलं नव्हतं. आणि बोलूनही दाखवत नाही, याला म्हणतात माणूस.

दुसरी, एल्मायरा मागच्या अंगणात बंदुकीने रिकाम्या डब्यांवर नेम धरत होती. काहीतरी बिनसलंय तिचं. मी जवळ गेलो नाही. पाची डबे पडले.

२ ऑक्टोबर

शाळेच्या स्वयंपाकघरात, एल्मायराच्या नोकरीच्या जागी, नवी मुलगी आलीय, एल्मायरा तिला शिकवतेय. आज म्हणाली, या महिन्यापासून सुट्टी घेतेय, मोठी. मी म्हटलं, उत्तम, मी वर गेलो की घर शांतच असेल, तू आराम कर.

ती माझ्याकडे बघत राहिली. "जेरेमाया," म्हणाली, "एखाद्या दिवशी तुझे कान उकळत्या डब्यात टाकले पाहिजेत."

का म्हणाली कोण जाणे.

६ ऑक्टोबर

आज लिहावंसं वाटत नव्हतं, तरी लिहितो.

वनखात्याची बाई आली होती. तरुण आहे, सभ्य आहे, बूट बाहेर काढून आत आली. म्हणाली, "काका, हॉटेलवाल्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. या हिवाळ्यात तुमच्या वाटेवरून काहीच आलं नाही तर माझ्या हातात काही उरणार नाही." मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "सगळे म्हणतात भाव नाही, जाऊन काय करायचं." मी म्हटलं, सगळे म्हणजे मी नाही.

ती गेल्यावर एल्मायराने माझ्यासमोर चहा ठेवला आणि हात टेबलावर तसाच राहू दिला.  मला वाटलं, माझ्या काळजीने. म्हटलं, "घाबरू नको, वाट माझीच राहील." तिने हात काढून घेतला.

झोपायच्या आधी मनात आलं, मला काही झालं आणि वाट गेली तर? तिथल्या प्रत्येक वळणावर मी जेवलोय, पडलोय, गोठलोय. मग ते आल्याबरोबर झटकून टाकलं. झेकियस आहे.

९ ऑक्टोबर

शिधा भरला. पीठ, चरबी, चहा, साखर, ओट. एल्मायराने भरलं, मी बघितलं. पिठाच्या दोन गोण्या का, विचारलं, तर म्हणाली, "दोन माणसं दोन गोण्या खातात." बरोबर आहे, झेकियस खादाड आहे. सशाच्या कातड्यांचं पांघरूणही तिने वाऱ्यावर टाकलंय. ते तिच्या आईचं. झेकियसला देणार असेल, त्याला थंडी फार वाजते.

इतकी वर्षं मी वर जायचो तेव्हा ती किनाऱ्यावर उभी राहायची, आधी मुलांना घेऊन, मग एकटी. मुलांच्या शाळा होत्या, मग तिची नोकरी. ती तिथे वर लहानपणी राहिलीय, दूरच्या निवासी शाळेचं विमान तिला न्यायला आलं तोवर. त्यानंतर कधी गेली नाही. विषयही काढत नाही, म्हणजे तिला ओढ नसावी.

१२ ऑक्टोबर, कोठीत पोचलो

काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सकाळी किनाऱ्यालगत पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. आणखी थांबलो असतो तर होडी निघाली नसती. सामान भरलेलं होतं. मी इंजिन बसवत होतो तेवढ्यात झेकियस आला. अंगात खाणीचं जाकीट, हातात कॉफी, पाठीवर काहीच नाही.

मी म्हटलं, "सामान कुठंय तुझं?"

"कसलं सामान? उद्या माझं विमान आहे, खाणीचं."

"तू तर म्हणालास बघू."

"बघितलं," झेकियस म्हणाला. "पाणी खरंच उतरलंय रे." आणि तो बुटाने खडे ढकलत बसला. नाही म्हणायची पाळी शेवटी आलीच त्याच्यावर, आणि ती मीच आणली. मला त्याचा रागही धड येईना.

मी तिथेच एका खडकावर बसलो. म्हटलं, संपलं. होडी, पीठ, सापळे, सगळं तयार, आणि वाट गेली. हॉटेलवाला बंगले बांधणार, आणि लोक तिथे खुर्च्या टाकून माझ्या तळ्याकडे बघणार. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, पण ते वाऱ्याने नव्हतं.

"बर्फ घट्ट व्हायची वाट बघतोयस का, म्हाताऱ्या?"

मी मान वर केली. एल्मायरा होडीत बसली होती. पुढच्या टोकाला, जाड कोट, मूसच्या कातड्याचे बूट, मांडीवर बंदूक, आणि खाली सशाच्या कातड्यांचं पांघरूण गुंडाळलेलं.

मी म्हटलं, "तू उतर. होडी हलतेय."

"हलू दे. होडी आहे ती."

"एल्मायरा, झेकियस येत नाहीये."

"ते मला करवत आली तेव्हाच कळलं. सगळ्या गावाला कळलं. तुला सोडून." मग ती शांतपणे म्हणाली, "दुसरा पलंग रिकामा आहे असं तू म्हणालास. मी तिथेच होते, ताटल्या उचलत होते. ऐकलं, आणि तयारीला लागले."

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, अगं, ते मी तुला नव्हतं म्हटलं. झेकियस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे वाक्य मी उच्चारलं तर तो मला गावात कधी तोंड वर काढू देणार नाही. आमच्यात सोडलेला शब्द ज्याने उचलला त्याचा होतो. मागे घेता येत नाही.

म्हणून मी म्हटलं, "पुढे बसलीस तर खडक नीट बघ."

"तू मागे बसून इंजिन नीट धर."

झेकियसने होडी ढकलून दिली. इतका वेळ हसू दाबून धरलं होतं त्याने, ते आता फुटलं.

दोन्ही धबधब्यांवर तिने पुढची दोरी खांद्यावर घेतली. दुसऱ्या ठिकाणी मी नेहमी डावीकडून जातो. ती उजवीकडे वळली. तिथे मला कधी न दिसलेली जुनी पायवाट होती, चढ कमी असलेली. "बाबा इथून न्यायचे," म्हणाली. "तू इतकी वर्षं त्या खडकांवरून ओढत होतास?"

मी सांगितलं, खडकांनी दम वाढतो.

२१ ऑक्टोबर

कामं बरीच झाली. सरपण, जाळं, छताची गळती. कोठीत शिरली त्या दिवशी एल्मायरा कितीतरी वेळ नुसती उभी होती. मग एक खिळा तिने बोटाने चाचपला. "आईचा तवा इथे असायचा," म्हणाली. मी तिथे वर्षानुवर्षं टोपी अडकवतोय.

बोलत नाही फारशी, पण गुणगुणते. घरात कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

बर्फ चालण्याजोगा झाला. सापळे कुठे लावायचे यावरून भांडलो. माझी जागा ठरलेली आहे, बीव्हरच्या घराच्या पश्चिमेला. ती पोटावर आडवी झाली आणि हातांनी उजेड अडवून बर्फातून खाली बघू लागली. "इकडे ये. हे पांढरे बुडबुडे दिसतायत? इथून जातात ते, श्वास सोडत. तुझ्या पश्चिमेला एकही नाही."

"तिथे मला नेहमी मिळतात."

"मिळत असतील. चुकलेले."

शेवटी दोन्हीकडे लावले, म्हणजे भांडण नको. सळीने बर्फ मी फोडला, हे लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर

तिच्या सापळ्यात मोठा नर बीव्हर. दाट काळपट कातडं, कुठेही डाग नाही. माझ्या सापळ्यात पाणी.

वाटेवरून हंगामात पहिलं काहीतरी आलं. वनखात्याच्या बाईला दाखवायला एवढं बस आहे. वाट राहिली! मी बर्फावर उभा राहून ओरडलो. एल्मायरा ओरडली नाही. तिने बीव्हरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्याशी काहीतरी हळू बोलली. शाळेने तिची भाषा पुसली असं मला वाटायचं. हे शब्द तर मलाही येत नव्हते, जुन्या लोकांचे होते.

शेपूट विस्तवावर भाजली. हंगामातल्या पहिल्या जनावराचा पहिला तुकडा विस्तवाला द्यायचा असतो, आणि तो वाटेचा मालक देतो. मी तुकडा उचलला, नेहमीसारखा. ती चुलीपाशी बसून चरबी वितळताना बघत होती, आणि तिचा चेहरा मला एकदम लहान मुलीचा वाटला. मी तुकडा तिच्यापुढे धरला. म्हटलं, "तू दे. तुझ्या बापाची जागा आहे."

तिने तो घेतला. विस्तवात ठेवेपर्यंत मला बघू दिलं नाही, तोंड फिरवून बसली होती. मी तिला हाक मारली नाही. असल्या वेळी माणसाने गप्प राहावं, एवढं मलाही कळतं.

संध्याकाळी रेडिओ लावला. आसपासच्या सगळ्या कोठ्यांतले लोक या वेळी एकेक करून आपलं नाव आणि जागा सांगतात, म्हणजे कोण ठीक आहे ते कळतं. यंदा आवाज मोजकेच होते. माझी पाळी आली. मी बटण दाबलं, आणि का कोण जाणे, माईक तिच्या हातात दिला. "तू सांग."

ती दचकली. मग घसा साफ केला. "मी एल्मायरा. सायमनची मुलगी. मी माझ्या जागेवर आहे. आज मोठा बीव्हर मिळाला."

नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग उत्तरेकडून कुठून तरी एक म्हातारा आवाज आला. ज्याला मी ओळखतही नाही असा, खोकत बोलणारा. "सायमनची पोर? ती लाल टोपीवाली? अगं बये, इतकी वर्षं होतीस तरी कुठे?"

एल्मायराने माझ्याकडे बघितलं. बटण दाबलं.

"स्वयंपाक करत होते," म्हणाली.

रेडिओवर सगळीकडून हसण्याचा गडगडाट झाला. कुणीतरी टेबल बडवत होतं. मीही हसलो, पण मला जरा उशीर झाला.

मग मी उठलो आणि बॅनकचं, म्हणजे आमच्या जाड भाकरीचं, पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त झालं, सगळं हाताला चिकटलं, भाकरी एका बाजूने करपली. तिने ती खाल्ली आणि दुसरी मागितली.